घटक ४ : विभावरी शिरूरकर – जीवन आणि लेखनकार्य

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• विभावरी शिरूरकर यांच्या जीवनाचा परिचय करून देता येईल.
• त्यांनी टोपणनाव का घेतले असावे, याची सामाजिक कारणे सांगता येतील.
• त्यांच्या प्रमुख कथा-कादंबऱ्यांचे वेगळेपण स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर घोड नदीच्या काठी शिरूर हे गाव आहे. जुनी माणसे आजही त्याला घोडनदी म्हणतात. ही नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमेपलीकडे दौंड तालुका सुरू होतो. तुमच्यापैकी अनेकांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा हा परिसर आहे. या गावाचे नाव मराठी साहित्यात एका लेखिकेच्या आडनावाच्या रूपाने अजरामर झाले. ते आडनाव मात्र खरे नव्हते. १९३३ साली एका तरुण शिक्षिकेने आपले नाव झाकण्यासाठी बालपणीच्या गावाचा आधार घेतला. ‘विभावरी’ म्हणजे रात्र. रात्रीच्या आडोशाने तिने जे लिहिले, त्यामुळे मराठी कथेत अनेक न बोललेल्या गोष्टी उजेडात आल्या.

४.३ बालपण आणि शिक्षण

विभावरी शिरूरकर यांचे माहेरचे नाव बाळूताई खरे. त्यांचा जन्म १९०५ सालचा. वडील अनंतराव खरे हे शिक्षक होते आणि मुलींनी शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता. आई इंदिराबाईंनी पंचवीस वर्षे दुधाचा व्यवसाय समर्थपणे सांभाळला. म्हणजे स्त्रीच्या कर्तृत्वाचा पहिला धडा बाळूताईंना पुस्तकातून नव्हे, तर घरातूनच मिळाला.

पुढील शिक्षणासाठी वडिलांनी त्यांना महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगणे येथील संस्थेत पाठविले. कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले होते. तेथील उच्च शिक्षण पूर्ण करून बाळूताई कन्याशाळेत शिकवू लागल्या. त्यांचे आरंभीचे लेखन अभ्यासपर आहे. ‘अलंकार-मंजूषा’ आणि ‘हिंदु-व्यवहार-धर्मशास्त्र’ (सहलेखक के. ना. केळकर) हे ते ग्रंथ होत. दुसऱ्या ग्रंथाचा विषय लक्षात ठेवा. कुटुंब, विवाह आणि वारसा यांविषयीचे नियम अभ्यासलेली ही लेखिका आहे. तिच्या कथांतील प्रश्न केवळ भावनेतून आलेले नाहीत.

४.४ ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि टोपणनावाचा प्रश्न

१९३३ साली ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात अकरा कथा आहेत. त्यांतील नायिका शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, पण अविवाहित राहिलेल्या मध्यमवर्गीय मुली आहेत. या मुलींची पार्श्वभूमी ध्यानात घ्या. शारदा कायद्यानंतर मुलींच्या लग्नाचे वय वाढत होते आणि शिक्षण व नोकरी यांची दारे किलकिली होत होती. हुंडा मात्र तसाच होता. मुलीच्या पगारावर घर चालू लागले की तिचे लग्न पुढे ढकलले जाई. कमावती झाल्याने ती स्वतंत्र झाली असे दिसे. प्रत्यक्षात ती नव्या बंधनात अडकत होती. अशा स्त्रीच्या मनातील एकटेपण, शरीराची ओढ आणि घरच्यांविषयीचा दाबलेला राग लेखिकेने सरळ शब्दांत मांडला.

या पुस्तकाने मोठी खळबळ उडाली. काहींनी त्याचे स्वागत केले, तर अनेकांनी प्रखर निषेध केला. पुस्तकात काय सांगितले आहे यापेक्षा ते कोणी लिहिले, याचीच चर्चा अधिक झाली. लेखिका खरोखर स्त्री आहे की एखादा पुरुष, असाही तर्क लढविला गेला. प्रकाशकाने मात्र नाव उघड केले नाही.

येथे क्षणभर थांबून विचार करा. मुलींच्या शाळेत शिकविणाऱ्या अविवाहित स्त्रीने असे लेखन स्वतःच्या नावाने छापले असते, तर तिची नोकरी आणि तिची अब्रू यांचे काय झाले असते? याच दशकात आयर्लंडमध्ये केट ओब्रायन या लेखिकेने स्वतःच्या नावाने लिहिले आणि १९३६ साली तिच्या एका कादंबरीवर तेथील शासनाने बंदी घातली. आपल्याकडे जे कायद्याने केले नाही, ते लोकापवादाच्या धाकाने होऊ शकत होते. म्हणून ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव केवळ हौसेचे टोपणनाव ठरत नाही. खरे बोलता यावे यासाठी खरे नाव लपवावे लागले, हा त्या काळाचाच पुरावा आहे.

४.५ कादंबरीलेखन

१९३४ साली ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. पतीपासून दुरावलेली स्त्री दुसऱ्या पुरुषाबरोबर सहजीवन स्वीकारते आणि तिला आई व्हावेसे वाटते, हा तिचा विषय. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ साली झाला. त्याच्या तेरा वर्षे आधी लिहिलेली ही कादंबरी आहे. कायद्यात ज्या नात्याला जागाच नव्हती, त्या नात्यातील स्त्रीचे मन तिने वाचकांपुढे ठेवले. पुढच्याच वर्षी ‘विरलेले स्वप्न’ प्रसिद्ध झाली.

यानंतर त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. कन्याशाळा सोडून त्या सोलापूर येथील गुन्हेगार जमातींच्या वसाहतीवर अधिकारी म्हणून गेल्या. पुण्याहून दौंडमार्गे सोलापूरला जाणारी रेल्वे तुमच्या परिचयाची आहे. त्याच मार्गावरील सोलापुरात तेव्हा तारेच्या कुंपणाआड माणसे राहत होती. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी या अनुभवातून आकारास आली. स्वातंत्र्योत्तर भारतात १९५२ साली तो कायदा रद्द झाला. म्हणजे ‘बळी’ प्रसिद्ध झाली तेव्हा हा प्रश्न इतिहासजमा झालेला नव्हता. मध्यमवर्गीय घरातील कोंडी मांडणारी लेखिका आता समाजाने बाहेर लोटलेल्या माणसांची कोंडी मांडू लागली.

१९३८ साली त्यांचा विवाह ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर यांच्याशी झाला आणि त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. ‘खरेमास्तर’ (१९५३) ही कादंबरी त्यांनी वडिलांच्या जीवनावर लिहिली. मुलींना शिकविणारा बाप आणि शिकून आपापल्या वाटांनी गेलेल्या मुली यांच्यातील माया व ताण तिच्यात आढळतो. ज्या घराने लेखिकेला घडविले, त्याच घराकडे ती येथे मोठेपणी वळून पाहते. ‘शबरी’ ही कादंबरी आणि ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ हे पुस्तकही उल्लेखनीय आहे.

४.६ उत्तरायुष्य

एकेकाळी ज्या स्त्रीला नाव लपवावे लागले, तीच १९८१ साली मुंबईत भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाची अध्यक्ष झाली. साहित्यव्यवहारातील शासकीय हस्तक्षेपाला विरोध म्हणून ते संमेलन भरले होते. ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिताना त्यांच्यासमोर समाजाचा धाक होता. आता त्या शासनाच्या वर्चस्वाविरुद्ध उभ्या होत्या, आणि तेही उघडपणे. २००१ साली त्यांचे निधन झाले.

४.७ सारांश

विभावरी शिरूरकर यांनी सुशिक्षित स्त्रीचे दुःख तिच्याच दृष्टीतून मांडले आणि पुढे ही दृष्टी समाजातील इतर उपेक्षितांपर्यंत नेली. त्यांच्या काळातील अनेक वाचक ‘लेखिका कोण?’ या प्रश्नात अडकले. तुम्ही त्यांच्या कथा वाचताना ‘ती काय सांगते आहे आणि ते सांगणे तेव्हा का अवघड होते?’ असा प्रश्न विचारा. त्यातील कोणत्या गोष्टी आजही नाव लपवूनच सांगाव्या लागतात, याचाही शोध घ्या.

४.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. बाळूताई खरे यांच्या जडणघडणीत आई-वडिलांचा वाटा कोणता?
२. ‘कळ्यांचे निःश्वास’ मधील नायिकांचे प्रश्न तत्कालीन सामाजिक बदलांशी कसे निगडित आहेत?
३. ‘बळी’ या कादंबरीमागील अनुभवविश्व स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या नोकरदार स्त्रीशी बोला. कमावणे आणि स्वातंत्र्य यांचा संबंध आज कसा आहे, याविषयी तिचे नाव न देता एक टिपण लिहा.