वासुदेव बळवंत फडके

वासुदेव बळवंत फडके (४ नोव्हेंबर १८४५ – १७ फेब्रुवारी १८८३) हे ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव करणारे महाराष्ट्रातील क्रांतिकारक होते. त्यांचा उल्लेख आद्य क्रांतिकारक असा केला जातो. त्यांचे बंड जेमतेम पाच महिने टिकले. मात्र रजा, सारा, दुष्काळ अशा तक्रारींतून परकी राज्यच उलथून टाकण्याचा विचार कसा आकाराला आला, हे त्यांच्या चरित्रात स्पष्टपणे दिसते.

पूर्वायुष्य

फडके यांचा जन्म पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे झाला. हा तालुका आज रायगड जिल्ह्यात असला, तरी त्या वेळी तो ठाणे जिल्ह्यात मोडत असे. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. पेशवाई बुडाल्यावर किल्ला इंग्रजांकडे गेला. वासुदेवांचे प्राथमिक शिक्षण कल्याण येथे व पुढील शिक्षण मुंबई आणि पुणे येथे झाले. १८५४ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची रेल्वे कल्याणपर्यंत आली. पुढे याच कंपनीत त्यांनी काही काळ नोकरी केली. त्यानंतर ते लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून झाले आणि १८६५ च्या सुमारास त्यांची पुण्यास बदली झाली.

तक्रारीकडून बंडाकडे

आई अत्यवस्थ असल्याचे कळल्यावर त्यांनी रजेचा अर्ज केला. रजा वेळेवर मिळाली नाही आणि ते घरी पोहोचण्यापूर्वीच आईचे निधन झाले. पुढील वर्षी श्राद्धासाठीही त्यांना रजा नाकारण्यात आली. चरित्रकार या प्रसंगाला मोठे महत्त्व देतात. तरीही केवळ या रागातून बंड उभे राहिले असे मानणे अपुरे ठरेल, कारण त्यानंतरही ते बरीच वर्षे नोकरीत होते. या काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या व्याख्यानांतून देशी व्यापाराचा ऱ्हास आणि देशातील संपत्तीचा परदेशी जाणारा ओघ यांची मांडणी त्यांनी ऐकली. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी शस्त्रविद्येचे शिक्षण घेतले. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह ते शाळा उभारण्याच्या कार्यातही सहभागी होते. याच कार्यातून पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी विकसित झाली.

१८७६–७८ च्या दुष्काळाने त्यांचे मत पक्के झाले. त्यांनी दुष्काळी मुलखात फिरून उपासमार प्रत्यक्ष पाहिली. सावकारी कर्जाविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे १८७५ मध्येच झाले होते. त्यात १८७८ साली देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आणि शस्त्रबंदीचा कायदा आले. अर्जविनंत्यांचा मार्ग निष्फळ आहे, असा निष्कर्ष फडके यांनी काढला.

१८७९ चा उठाव

पुण्यातील सुशिक्षित आणि धनिक वर्ग आपल्याला साहाय्य करील, ही फडके यांची अपेक्षा फोल ठरली. साथ मिळाली ती मुख्यतः रामोशांची. गडकोटांचे व गावांचे रक्षण करणाऱ्या या समाजाची जुनी उपजीविका नव्या राजवटीत हिरावली गेली होती. २३ फेब्रुवारी १८७९ रोजी शिरूर तालुक्यातील धामारी येथे पहिला दरोडा घालण्यात आला. लुटीतून मोठे सैन्य उभारावे, टपाल, रेल्वे व तुरुंग यांवर हल्ले करून राज्ययंत्रणा खिळखिळी करावी, अशी त्यांची योजना होती. अनुयायांना मात्र लुटीतील वाट्याची ओढ अधिक होती. आपल्या आत्मवृत्तात फडके यांनी याबद्दल खेद नोंदवला आहे. याच लेखनात प्रजासत्ताक स्थापन करण्याचा मनोदयही आढळतो.

मे महिन्यात त्यांनी सरकारला उद्देशून जाहीरनामा काढला. रयतेला काम द्यावे, कर कमी करावेत, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार घटवावेत, अशा त्यातील मागण्या होत्या. सोबत मुंबईचे गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांच्या शिरासाठी इनामही जाहीर केले होते. सभासंस्थांच्या अर्जांत शोभणाऱ्या मागण्या आणि उघड युद्धाची धमकी एकाच कागदावर आली, हे या जाहीरनाम्याचे वैशिष्ट्य होय. त्याच सुमारास दौलतराव नाईक यांच्या टोळीने पनवेलजवळील पळस्पे व चिखले येथे मोठी लूट मिळवली. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि चकमकीत नाईक ठार झाले. त्यामुळे उठावाचा कणा मोडला.

अटक, खटला व मृत्यू

फडके निजामाच्या मुलखाकडे वळले व रोहिले आणि अरब यांची नवी फौज जमवण्याच्या प्रयत्नाला लागले. जुलै १८७९ मध्ये कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी येथील देवळात, तापाने आजारी असताना, डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना पकडले.

पुण्यातील खटल्यात त्यांचे वकीलपत्र गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) यांनी घेतले. सार्वजनिक सभेच्या सनदशीर मार्गाचे हे अध्वर्यू बंडखोराच्या बचावासाठी उभे राहिले, ही गोष्ट त्या काळी धाडसाची होती. फडके यांनी स्वतः लिहिलेले आत्मवृत्त व रोजनिशी हाच त्यांच्याविरुद्धचा प्रमुख पुरावा ठरला. नोव्हेंबर १८७९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. काही काळ ठाण्याच्या तुरुंगात ठेवून जानेवारी १८८० मध्ये त्यांची एडनला रवानगी करण्यात आली. तेथे कोठडीचे दार बिजागऱ्यांतून निखळवून ते एकदा निसटले, परंतु लवकरच पुन्हा पकडले गेले. एडनच्या तुरुंगातच वयाच्या ३७ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. भारतीय टपाल खात्याने १९८४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.