मुक्या रुग्णांचा डॉक्टर

मध्यरात्र उलटलेली. गोठ्यात गाय अडली आहे. वासराची मान आत मागे वळलेली, त्यामुळे कळा येतात पण वासरू पुढे सरकत नाही. कंदील धरून घरची माणसे नुसती पाहात उभी. अशा वेळी कमरेपर्यंत उघडा होऊन, दंडापर्यंत साबण लावून, थंडगार फरशीवर पालथा पडणारा माणूस म्हणजे गुरांचा डॉक्टर. दोन कळांच्या मधल्या उसंतीत वासराला आत रेटायचे, हाताच्या पंजाने मान फिरवून पुढे आणायची आणि मग दोर लावून हळूहळू ओढायचे. हात बधिर होतो, पण काढून घेता येत नाही. आपल्याकडे 'गुरांचा डॉक्टर' हे शब्द जरा थट्टेनेच उच्चारले जातात. पण ज्याची गाय अडली आहे, त्याला त्या घटकेला हा माणूस देवासारखाच वाटतो.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात अशा किती रात्री आल्फ वाइट यांनी काढल्या असतील, याची गणती नाही. जगाला ते जेम्स हेरियट या नावाने ठाऊक आहेत. थर्स्क गावच्या लोकांना मात्र ते शेवटपर्यंत आपले वाइट डॉक्टरच होते.

त्यांचा जन्म 3 ऑक्टोबर 1916 चा, संडरलँडचा. पण तान्हेपणीच आईवडिलांबरोबर ते ग्लासगोला गेले. वडील मूकपटांच्या वेळी चित्रपटगृहात पियानो वाजवीत, आई गाणारी. पोरगा वाढला शहराच्या गजबजाटात. गुरे कशी ओळखणार? ओळख होती ती घरच्या कुत्र्याची. तेराव्या वर्षी एका मासिकात पशुवैद्यकावरचा लेख वाचनात आला आणि मुलाने मनाशी ठरवून टाकले. 1939 च्या डिसेंबरात ग्लासगोच्या महाविद्यालयातून पदवी मिळाली. तिथे शिकवणुकीचा भर होता घोड्यांवर, आणि घोड्यांची जागा तर ट्रॅक्टर घेऊ लागला होता!

1940 च्या जुलैत ते थर्स्कला आले, डोनाल्ड सिंक्लेअर यांच्या दवाखान्यात. युद्धाचे दिवस. मालक लवकरच विमानदलात दाखल झाले आणि तेवीस वर्षांच्या या शहरी पोराच्या हाती सारा कारभार काही महिने येऊन पडला. शेतकरी तसे तोंडाने फटकळ आणि पैशाला चिकट. नव्या डॉक्टरची परीक्षा पाहायला टपलेले. पेनिसिलिन अजून गुरांपर्यंत पोचले नव्हते. फळीवर मुख्यतः जुनी काढे-चूर्णेच. पण काही वेळा विज्ञान जादू करी. दुग्धज्वराने कोसळून मान टाकलेली गाय, तिला कॅल्शियमचे इंजेक्शन दिले की पाहता पाहता उठून उभी राही. ज्या घरात दोन-चारच गाई, त्या घरी त्या उठण्याचे मोल काय असेल, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

1941 च्या नोव्हेंबरात जोन डॅनबरी यांच्याशी लग्न झाले. मधुचंद्राला गेले तर तिथेही गाईंची क्षयाची तपासणी चालूच! नवऱ्याने गाई तपासायच्या, नवरीने आकडे टिपून घ्यायचे. संसार टिकला हो, चांगला पन्नासहून अधिक वर्षे.

या कष्टांची किंमतही त्यांनी मोजली. गाभ टाकणाऱ्या गाईंना हाताळून पशुवैद्यांना ब्रुसेल्लोसिस होतो. त्या तापाने त्यांना अनेकदा आडवे केले. 1960 च्या सुमारास खोल नैराश्याने गाठले. विजेच्या उपचारांपर्यंत वेळ आली. कथांतला हसरा डॉक्टर ओळखीचा असलेल्या वाचकाला हे पटकन खरे वाटत नाही. पण जो दिवसभर दुसऱ्याचे दुःख घरी नेतो, त्याच्याबद्दल आश्चर्य तरी कसले?

पन्नाशीत त्यांनी लेखणी धरली. दिवाणखान्यात, घरची मंडळी टीव्ही पाहात असताना, टंकयंत्रावर लिहीत बसायचे. पशुवैद्याने आपली जाहिरात करायची नाही असा व्यवसायाचा नियम होता, म्हणून टोपणनाव हवे. पडद्यावर फुटबॉलच्या सामन्यात हेरियट नावाचा गोलरक्षक छान खेळताना दिसला. ठरले नाव! पहिले पुस्तक 1970 मध्ये निघाले. मायदेशात ते बेताचेच खपले. 1972 मध्ये दोन पुस्तके एकत्र करून अमेरिकेत आवृत्ती काढली, आणि मग मात्र कोट्यवधी प्रती गेल्या. 1978 पासून बीबीसीने मालिका केली.

पैसा आला, त्यातला मोठा वाटा सरकारने करापोटी नेला. कर वाचवायला परदेशी जाऊन राहा असे सल्ले मिळाले. त्यांनी कानावर घेतले नाहीत. गाव, दवाखाना आणि गाडीत शेजारी बसणारी कुत्री सोडून जायचे कुठे? दवाखान्याच्या दाराशी सही घ्यायला परदेशी पाहुण्यांची रांग लागे. वाइट सह्या करीत आणि मग एखाद्या मेंढीला पाहायला निघून जात. मुलगा जिमही त्याच दवाखान्यात पशुवैद्य झाला. शेतकऱ्यांना त्यांच्या कीर्तीशी घेणे नव्हते, आणि त्यांना नेमके तेच आवडे.

23 फेब्रुवारी 1995 रोजी ते गेले. त्याच वर्षी यॉर्कच्या भव्य चर्चमध्ये स्मृतिसभा झाली, तेव्हा दोन हजारांवर माणसे जमली. दवाखान्याच्या किर्कगेटवरच्या 23 क्रमांकाच्या जुन्या घरात 1999 मध्ये संग्रहालय उघडले.