बरणीतून आलेले औषध

बँकेत अधिकारी असताना एका उन्हाळ्यात माझ्या कमरेला गजकर्ण उठले. कुणालाही न विचारता औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली, चार दिवस लावली आणि खाज थांबताच कपाटात टाकली. महिन्याभरात गजकर्ण परतले, तेही व्याजासकट! डॉक्टरांनी चांगलेच खडसावले. त्या मलमात स्टिरॉइडही होते. त्याने खाज दबली, बुरशी मात्र पसरत राहिली.

पुढे या औषधांविषयी वाचताना एलिझाबेथ हेझन यांची ओळख झाली. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात १८८५ साली जन्मलेल्या हेझन लहानपणीच पोरक्या झाल्या. काका-काकूंनी त्यांना वाढवले. आधी शाळेत शिकवले आणि चाळिशी उलटल्यावर, १९२७ मध्ये, डॉक्टरेट मिळवली.

जीवाणूंवर पेनिसिलिन आले, पण बुरशीचा प्रश्न अवघड होता. तिच्या पेशी आपल्या पेशींशी मिळत्याजुळत्या असल्याने तिला मारणारे द्रव्य रोग्यालाही बाधते. हेझन न्यूयॉर्क शहरात मातीतले सूक्ष्मजीव वाढवीत आणि बरणीत घालून टपालाने ऑल्बनीला रेचल ब्राउन या रसायनतज्ज्ञ बाईंकडे पाठवीत. ब्राउन त्यातले द्रव्य वेगळे काढून टपालानेच परत करीत. बहुतेक द्रव्ये प्राण्यांना विषारी ठरली. अखेर व्हर्जिनियातल्या एका स्नेह्यांच्या शेतातल्या मातीने हात दिला. १९५० मध्ये शोध जाहीर झाला आणि न्यूयॉर्क स्टेटवरून औषधाचे नाव पडले निस्टॅटिन. कॅन्डिडा बुरशीवर ते आजही दिले जाते.

या पेटंटचे सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर जमले. दोघींनी ते सारे संशोधनासाठी देऊन टाकले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ठेवी मोजलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून आपल्याच हिशेबाची लाज वाटली. हेझन १९७५ मध्ये गेल्या.

बुरशीवरची औषधे आजही मोजकीच आहेत आणि ती पुंजी आपण उधळतो आहोत. २०२० मध्ये गजकर्णाच्या एका बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळाले. त्या नावातच आपला देश आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तिचे अनेक वाण दाद देत नाहीत. स्टिरॉइड मिसळलेली मलमे आणि अर्धवट उपचार यांचा त्यात हात असावा, असे त्वचारोगतज्ज्ञ मानतात. औषध अपुरे पडले की चिवट बुरशी तेवढी उरते, वाढते आणि घरातल्या इतरांनाही लागते.

तेव्हा वाचकहो, आज घरातले कपाट जरूर उघडा. शेजाऱ्याने सुचवलेली ट्यूब असेल तर ती लावू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि त्यांनी सांगितलेले दिवस, खाज थांबली तरी, पुरे करा.