बॅरिस्टर झाले, पण वकिली कुठे शिकले?

डिग्री हातात आणि काम मात्र येत नाही! लास्ट इयरला ही भीती प्रत्येकाला असतेच ना? मग हे वाचाच.

१० जून १८९१. लंडनच्या इनर टेंपलमधून मोहनदास गांधी बॅरिस्टर झाले, वय २१. दुसऱ्या दिवशी तिथल्या हायकोर्टात नाव नोंदवलं आणि तिसऱ्या दिवशी मायदेशी निघालेसुद्धा. तेव्हा बॅरिस्टर व्हायला परीक्षा पास व्हायची आणि ठरावीक डिनरना हजेरी लावून टर्म भरायच्या, की झालं. रोमन लॉ त्यांनी थेट लॅटिनमधून वाचला होता. पण दाव्याचा मसुदा कसा लिहायचा, हे कुणी शिकवलंच नव्हतं. भारतीय कायद्यांचा तर गंधही नव्हता.

मुंबईत ते गिरगावातून हायकोर्टात चालत जायचे, तब्बल पाऊण तास. तिथे केसेस ऐकता ऐकता चक्क डुलकी लागायची. पहिली केस मिळाली स्मॉल कॉजेस कोर्टात, फी ३० रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि पाय लटपटले, डोकं गरगरलं. एक प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली. केस दुसऱ्या वकिलाकडे गेली. नंतर शाळेत इंग्रजी शिकवायच्या ७५ रुपयांच्या नोकरीसाठी अर्ज केला, तर ग्रॅज्युएट नाही म्हणून नकार! शेवटी राजकोटला जाऊन लोकांचे अर्ज लिहून देऊ लागले.

खरं ट्रेनिंग झालं १८९३ मध्ये, प्रिटोरियात. दादा अब्दुल्ला या व्यापाऱ्याची केस, आणि गांधींचं काम मोठ्या वकिलांना मदत करायचं, म्हणजे ज्युनिअरगिरीच. केस होती हिशेबांची. जमाखर्च कळेना, म्हणून त्यांनी पुस्तक आणून तो शिकून घेतला. गुजराती कागदपत्रांची भाषांतरं केली. कलमांपेक्षा आधी घटना नीट समजून घ्यायच्या, हे तिथे उमगलं. मग दोन्ही बाजूंना लवादाला राजी केलं. दादा अब्दुल्ला जिंकले, पण हरलेले तय्यब शेठ दिवाळखोर होऊ नयेत म्हणून पैसे हप्त्यांनी फेडायची सोयही गांधींनीच करून दिली.

१८९४ मध्ये नाताळच्या सुप्रीम कोर्टात सनद मागितली, तेव्हा तिथल्या लॉ सोसायटीने विरोध केला. कोर्टाने तो मानला नाही. कागदावर ते तीन वर्षांपूर्वीच बॅरिस्टर झाले होते. वकील झाले ते प्रिटोरियातल्या फायलींत.

तेव्हा इंटर्नशिपला सिनिअरने नुसत्या फायली वाचायला दिल्या, तर वैतागू नका!