तळघरातले मैदान

साल १९५०. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील एखादे आडबाजूचे गाव. उन्हाळ्याची दुपार. न्हाव्याच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, घराच्या ओसरीवर रेडिओ लागलेला आहे. शेकडो मैलांवरच्या न्यूयॉर्क वा शिकागोत चाललेल्या बेसबॉल सामन्याचे धावते वर्णन ऐकू येते आहे. प्रेक्षकांचा गलका, चेंडूवर बसलेल्या फटक्याचा टणत्कार, शेंगदाणे विकणाऱ्याची आरोळी, या सगळ्यातून एका समालोचकाचा भारदस्त आवाज सामना डोळ्यांपुढे उभा करतो आहे. तो स्वतःला ऐंशी वर्षे ओलांडलेला वृद्ध स्कॉटिश गृहस्थ म्हणवून घेतो. प्रत्यक्षात तो जेमतेम तिशीच्या घरात आहे आणि अनेकदा मैदानावर नाहीच. तो डॅलसमध्ये बसला आहे. त्याच्यासमोर आहे तारेने आलेला चार अक्षरांचा त्रोटक मजकूर, आणि बाजूला गलक्याच्या ध्वनिमुद्रिका.

या समालोचकाचे नाव गॉर्डन मॅकलेंडन. स्थानिक रेडिओ केंद्रांच्या इतिहासात त्यांचे नाव आज घेतले जाते ते मुख्यतः लोकप्रिय गाण्यांच्या कार्यक्रमांचे एक प्रवर्तक म्हणून. परंतु त्यांच्या आयुष्यातील खरी लढाई बेसबॉलच्या प्रक्षेपण हक्कांची होती. त्या लढाईत ते हरले, आणि त्या पराभवातून उभा राहिलेला प्रश्न पुढे अनेक खेळांना आणि अनेक देशांना पडला.

मॅकलेंडन यांचा जन्म ८ जून १९२१ रोजी टेक्सासमधील पॅरिस या गावी झाला. योगायोग असा, की त्यानंतर दोनच महिन्यांनी, ५ ऑगस्ट १९२१ रोजी, पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरल्ड आर्लिन यांनी मेजर लीग बेसबॉल सामन्याचे पहिले रेडिओ प्रक्षेपण केले. मॅकलेंडन आणि रेडिओवरचा बेसबॉल अशा रीतीने बरोबरीनेच वाढले. वडील बी. आर. मॅकलेंडन हे चित्रपटगृहांचे मालक. बालपण शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातील आयडाबेल या लहानशा गावात गेले. त्या भागातील मुलांना थोर खेळाडू दिसत नसत, ते ऐकू येत. मॅकलेंडन यांची खेळाशी ओळख झाली ती अशी कानांवाटे.

पुढे येल विद्यापीठात त्यांनी पौर्वात्य भाषांचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात जपानी भाषेचे दुभाषे होते. युद्धानंतर हार्वर्डमध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी प्रवेश घेतला. पण मन रमले नाही. शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी टेक्सासमधील पॅलेस्टाईन नावाच्या गावातील एका छोट्या रेडिओ केंद्रात भागीदारी घेतली. ज्याने कायद्याची पदवी सोडली त्याच्या नशिबी आयुष्यातील सर्वात मोठा संघर्ष न्यायालयाच्या दारातच यावा, हा दैवाचा खेळ म्हणावा लागेल. नोव्हेंबर १९४७ मध्ये वडिलांच्या साहाय्याने त्यांनी डॅलसच्या ओक क्लिफ भागात केएलआयएफ हे केंद्र सुरू केले. जागा होती एका हॉटेलचे तळघर.

या केंद्राला श्रोते कुठून आणायचे? मॅकलेंडन यांचे उत्तर तयार होते : बेसबॉल. त्या काळी मेजर लीगचे १६ संघ अवघ्या १० शहरांत एकवटलेले होते. त्यांतले सर्वात पश्चिमेचे आणि सर्वात दक्षिणेचेही शहर एकच, सेंट लुईस. टेक्सासपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या अफाट प्रदेशात त्या दर्जाचा एकही संघ नव्हता. खेळाची ओढ देशभर आणि खेळ मात्र एका कोपऱ्यात, अशी स्थिती होती.

मात्र संघमालकांची रेडिओकडे पाहण्याची दृष्टी प्रथमपासून संशयाची होती. घरबसल्या सामना ऐकू आला तर तिकीट काढून मैदानावर येणार कोण, ही त्यांची धास्ती. न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी १९३४ ते १९३८ अशी पाच वर्षे आपसांत करार करून रेडिओला मैदानाबाहेर ठेवले होते. १९३९ मध्ये ब्रुकलिन संघाचे लॅरी मॅकफेल यांनी तो करार नूतन करण्यास नकार दिला, रेड बार्बर या समालोचकाला पाचारण केले, आणि मग इतरांनाही दारे उघडावी लागली.

दुसरीकडे हक्कांचा कायदाही आकार घेत होता. पिट्सबर्गच्या संघाने आपल्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क विकलेले असताना केक्यूव्ही या स्थानिक केंद्राने मैदानाच्या कुंपणापलीकडे आपली माणसे उभी केली आणि त्यांनी पाहिलेल्या खेळाचे वर्णन प्रसारित केले. प्रकरण न्यायालयात गेले. १९३८ च्या निकालात न्यायालयाने संघाची बाजू उचलून धरली. मैदान संघाचे, खेळाडूंवरचा खर्च संघाचा. तेव्हा सामन्याच्या वार्तेवरही वाजवी काळापर्यंत संघाचाच अधिकार, असा त्या निकालाचा आशय. हवेतून जाणाऱ्या वार्तेला जणू कुंपण घातले गेले. १९४६ मध्ये मेजर लीगने त्यात आणखी एक नियम जोडला. कोणत्याही संघाच्या क्षेत्रात दुसऱ्या संघाच्या सामन्याचे प्रक्षेपण त्या संघाच्या संमतीवाचून करता येणार नव्हते. मायनर लीगच्या, म्हणजे छोट्या शहरांतील दुय्यम संघांच्या क्षेत्रालाही हे संरक्षण होते.

अशा कुंपणांच्या मुलखात मॅकलेंडन उतरले. मैदानावरून थेट प्रक्षेपण करायचे तर लांब पल्ल्याच्या दूरध्वनी तारांचा खर्च परवडणारा नव्हता. त्यांनी जुनीच युक्ती नव्या जोमाने वापरली. सामन्याचा त्रोटक वृत्तान्त तारेने मागवायचा आणि स्टुडिओत बसून त्यावरून सामना नव्याने रचायचा. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांनीही तिशीच्या दशकात आयोवातील एका केंद्रावरून शिकागोच्या सामन्यांचे असेच वर्णन केले होते. एकदा तार मध्येच बंद पडली, तेव्हा ती पुन्हा सुरू होईपर्यंत त्यांनी फलंदाजाला एकामागून एक चेंडू सीमारेषेबाहेर मारायला लावले, ही हकिकत ते स्वतः रंगवून सांगत.

मॅकलेंडन यांनी या युक्तीची कला केली. वेगवेगळ्या मैदानांवर प्रेक्षकांचा गलका ध्वनिमुद्रित करून आणवला. शांत कुजबुज, वाढती उत्कंठा, जल्लोष, नाराजी, प्रत्येकाची तबकडी वेगळी. मैदानावरील ध्वनिक्षेपकाचा घुमणारा आवाज हवा म्हणून घोषणा करणाऱ्या सहकाऱ्याला ते स्वच्छतागृहात उभे करीत, असे सांगितले जाते. तारेवर येई ते एवढेच : चेंडू बाहेर, किंवा फटका हुकला. त्यावरून आकाशातले ढग, पिचरच्या कपाळावरचा घाम, प्रेक्षकांतली चुळबूळ हे सारे मॅकलेंडन आपल्या पदरचे घालीत. बाळ ज. पंडित यांच्या रसाळ मराठी समालोचनावर ज्यांचे कान तयार झाले आहेत, त्यांना शब्दांतून मैदान उभे करण्याची किमया नव्याने सांगायला नको. फरक एवढाच, की मॅकलेंडन यांच्यासमोर मैदान नव्हतेच.

श्रोत्यांना ते भावले. शेजारच्या गावांतील केंद्रे हे वर्णन आपल्यालाही मिळावे म्हणून विचारणा करू लागली, आणि १९४८ मध्ये लिबर्टी ब्रॉडकास्टिंग सिस्टीम हे जाळे जन्माला आले. त्यातील बहुतेक केंद्रे छोट्या गावांची, कमी शक्तीची, बड्या जाळ्यांनी दुर्लक्षिलेली. दुपारच्या वेळी प्रसारित करायला त्यांच्याकडे फारसे काही नसे. लिबर्टीने त्यांना रोजचा सामना दिला. १९५१ पर्यंत अशी चारशेहून अधिक केंद्रे लिबर्टीशी जोडली गेली. लिंडसे नेल्सन, जेरी डॉगेट यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले समालोचक येथेच घडले. ह्यूस्टनचे तेलउद्योजक ह्यू रॉय कलन यांनीही या जाळ्यात मोठी गुंतवणूक केली.

३ ऑक्टोबर १९५१ हा दिवस मॅकलेंडन यांच्या कारकिर्दीचा कळस ठरला. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स यांच्यातील निर्णायक सामना होता, आणि या वेळी ते स्वतः मैदानावर हजर होते. शेवटच्या, नवव्या डावात जायंट्स पिछाडीवर असताना बॉबी थॉमसन यांनी होमरन मारला आणि सामना ५-४ असा जिंकून दिला. बेसबॉलच्या इतिहासातील सर्वात गाजलेला फटका तो हाच. आज लोकांना आठवतो तो रस हॉजेस या न्यूयॉर्कच्या स्थानिक समालोचकाचा बेभान आवाज, कारण एका श्रोत्याने तो घरी ध्वनिमुद्रित केला आणि तोच पुढे वारंवार वाजवला गेला. परंतु न्यूयॉर्कबाहेर, देशभर पसरलेल्या लिबर्टीच्या केंद्रांवर तो क्षण पोहोचला तो मॅकलेंडन यांच्या आवाजात. ते ध्वनिमुद्रणही सुदैवाने टिकून आहे.

त्यानंतर आठ महिन्यांच्या आत लिबर्टी बंद पडली.

याचे कारण संघमालकांच्या केवळ आकसात शोधणे अन्यायाचे होईल. त्यांची भीती निराधार नव्हती. १९४९ मध्ये मायनर लीगच्या सामन्यांना सुमारे ४ कोटी प्रेक्षक आले होते. पुढच्या काही वर्षांत हा आकडा निम्म्याहूनही खाली घसरला. त्याला दूरचित्रवाणी, मोटारी, उपनगरांतील नवे जीवन अशी कितीतरी कारणे होती. पण ज्याच्या गावातला संघ रिकाम्या बाकांपुढे खेळत होता, त्या मालकाला घराघरांतून ऐकू येणारा मेजर लीगचा सामना हाच शत्रू वाटला तर नवल नाही. शिवाय सेंट लुईससारख्या संघांनी स्वतःची रेडिओ जाळी उभारली होती. त्यांना लिबर्टी ही थेट प्रतिस्पर्धी होती. १९५० मध्ये म्युच्युअल या मोठ्या जाळ्यानेही रोजचा सामना सुरू केला. हक्कांची किंमतही चढत गेली.

मेजर लीगच्या क्षेत्रबंदीच्या नियमावर सरकारच्या न्याय खात्याचा आक्षेप होता. त्यामुळे १९४९ मध्ये तो सैल करण्यात आला आणि १९५१ च्या अखेरीस रद्दच झाला. मॅकलेंडन यांच्या दृष्टीने हा विजय ठरायला हवा होता. घडले उलटेच. नियम गेला, पण १९५२ च्या हंगामासाठी बहुतेक संघांनी लिबर्टीला हक्क देण्याचेच नाकारले. प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्र असल्याचे सांगितले गेले. परिणाम मात्र एकच. मॅकलेंडन यांनी फेब्रुवारी १९५२ मध्ये १३ संघांविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली १ कोटी २० लाख डॉलरचा दावा दाखल केला. मात्र १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा त्या कायद्याच्या अर्थाने आंतरराज्य व्यापार नाही, असे म्हटलेले होते. खेळ हा व्यापार नाही, पण खेळाची वार्ता विकणे हा मात्र मोठा व्यापार, अशा या विचित्र कोंडीत दावा अडकला. मे १९५२ मध्ये लिबर्टी दिवाळखोरीत बंद झाली. तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, तडजोड झाली ती अवघ्या २ लाख डॉलरवर. तोवर वाचवायला काही उरले नव्हते.

मॅकलेंडन खचले नाहीत. जे स्वतःच्या मालकीचे नाही त्यावर डोलारा उभारू नये, हा धडा त्यांनी घेतला असावा. केएलआयएफवर त्यांनी लोकप्रिय गाणी, शहरातल्या ताज्या बातम्या, चटकदार जाहिराती आणि स्पर्धा यांची अशी सांगड घातली, की अमेरिकेतील असंख्य केंद्रांनी तिचे अनुकरण केले. साठच्या दशकात केवळ बातम्यांना वाहिलेल्या केंद्राचा प्रयोगही त्यांनी यशस्वी केला. चित्रपट काढले, १९६४ मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणूक लढवली आणि हरले. १९७१ मध्ये केएलआयएफ त्यांनी सुमारे १ कोटी डॉलरला विकले. दुसऱ्याच वर्षी, १९७२ मध्ये, डॅलसजवळच्या आर्लिंग्टनला मेजर लीगचा संघ आला. ज्या भूमीत त्यांनी केवळ आवाजाने मैदान उभे केले होते, तेथे खरे मैदान आले तेव्हा ते केंद्र त्यांचे राहिले नव्हते. १४ सप्टेंबर १९८६ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने बास्केटबॉल सामन्याचे चालू गुण पेजरवर पाठवण्यास हरकत नाही, असा निर्णय दिला. आपल्याकडेही क्रिकेट सामन्याची चेंडूगणिक माहिती मोबाइलवर देण्याचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गाजला. ऑगस्ट २०१३ मध्ये तेथील खंडपीठाने सामन्याचे प्रक्षेपण वेगळे आणि सामन्यात काय घडले ही माहिती वेगळी, असे मानून त्या माहितीवरील मालकीचा दावा स्वीकारला नाही. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. पिट्सबर्गच्या कुंपणाबाहेर १९३८ साली जे मान्य झाले नव्हते, ते पाऊणशे वर्षांनी वेगळ्या देशात, वेगळ्या खेळाच्या निमित्ताने न्यायालयाला पटले.

मॅकलेंडन यांनी श्रोत्यांना न पाहिलेले पाहिल्यासारखे सांगितले, हे खरे. तो खेळ उभा करणाऱ्या संघांच्या खर्चावर त्यांचा व्यवसाय वाढला, हेही खरे. पण खेळ जिथे कधी पोहोचणार नव्हता, त्या शेकडो गावांत तो त्यांच्यामुळे पोहोचला. पुढे त्याच दक्षिणेत आणि पश्चिमेत एकामागून एक संघ उभे राहिले आणि त्यांना प्रेक्षकही मिळाले. त्यांतल्या कित्येकांना या खेळाची गोडी लागली होती ती तळघरातल्या त्या आवाजामुळे.