निळ्या बालकांच्या आयुष्याचा मागोवा घेणाऱ्या डॉ. हेलन टॉसिग

नवी दिल्ली, २४ मे : सदोष हृदय घेऊन जन्मलेली, ओठ व नखे निळसर पडलेली बालके फार काळ जगत नाहीत, असे वैद्यकशास्त्र ज्या काळात गृहीत धरून चालले होते, त्या काळात त्यांच्यासाठी उपचाराची वाट शोधणाऱ्या अमेरिकन बालहृदयरोगतज्ज्ञ डॉ. हेलन ब्रुक टॉसिग यांची आज जयंती.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे २४ मे १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील फ्रँक टॉसिग हे हार्वर्ड विद्यापीठातील ख्यातनाम अर्थशास्त्रज्ञ होते. हेलन अकरा वर्षांच्या असताना आईचे क्षयाने निधन झाले. अक्षरे ओळखण्यातील जन्मजात अडचणीमुळे त्यांना वाचन कष्टाने आत्मसात करावे लागले. हार्वर्डचे वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. त्यामुळे बोस्टन विद्यापीठात काही काळ शिकून त्यांनी १९२७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथून वैद्यकीय पदवी मिळविली.

१९३० मध्ये तेथील हॅरिएट लेन बालरुग्णालयाच्या हृदयरोग विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे त्यांची श्रवणशक्ती क्षीण झाली. हृदयाचे ठोके स्टेथोस्कोपने ऐकणे कठीण झाल्यावर त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून स्पंदने पारखू लागल्या. क्ष-किरण पडद्यावरील हृदयाच्या आकाराशी त्या या निरीक्षणांचा मेळ घालीत.

याच निरीक्षणातून एक महत्त्वाची गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. निळ्या बालकांच्या फुप्फुसांना पुरेसे रक्त मिळत नाही, हे त्यांच्या दुखण्याचे मूळ होते. जन्मानंतर मिटणारी महाधमनी व फुप्फुसधमनी यांमधील वाहिनी ज्यांच्यात उघडी राहते, ती मुले मात्र तुलनेने तग धरतात. मग अशी वाट कृत्रिमरीत्या का निर्माण करू नये, हा विचार त्यांनी शल्यविशारद डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्यापुढे मांडला. ब्लेलॉक यांचे कृष्णवर्णीय प्रयोगशाळा सहायक विवियन थॉमस यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून या शस्त्रक्रियेचे तंत्र सिद्ध केले.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसधमनीला जोडण्याची पहिली शस्त्रक्रिया पंधरा महिन्यांच्या बालिकेवर झाली. तिची प्रकृती सुधारली. तथापि काही महिन्यांनी ती दगावली. तिसऱ्या रुग्णाचे निळे ओठ मात्र शस्त्रक्रियेच्या मेजावरच गुलाबी झाले. पाहता पाहता दूरदूरचे पालक आपली मुले घेऊन बाल्टिमोर गाठू लागले. शस्त्रक्रियेला ब्लेलॉक आणि टॉसिग यांची नावे लाभली; थॉमस यांच्या वाट्याला सन्मान फार उशिरा आला.

हा उपाय म्हणजे पूर्ण बरे होणे नव्हे. हृदयातील छिद्र तसेच राहत असे आणि वाढत्या शरीराला जोडलेल्या धमनीतून मिळणारे रक्त अपुरे पडू शके. १९५४ पासून मूळ दोष दुरुस्त करणाऱ्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या, तरी आधी वाचलेल्या मुलांचे पुढे काय होते, हा प्रश्न टॉसिग यांनी सोडला नाही. १९६३ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांचा दशकानुदशके मागोवा घेतला आणि दीर्घकालीन परिणामांवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. मूल रुग्णालयातून घरी गेले म्हणजे वैद्याची जबाबदारी संपत नाही, ही धारणा त्यांच्या कार्यातून दृढ झाली.

१९६२ मध्ये थॅलिडोमाइड या औषधामुळे पश्चिम जर्मनीत व्यंग घेऊन जन्मलेली बालके त्यांनी प्रत्यक्ष पाहिली आणि मायदेशी परतून औषध-नियंत्रण कठोर करण्यासाठी आवाज उठविला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून त्यांना स्वातंत्र्य पदक मिळाले. पुढच्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

२० मे १९८६ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, पेनसिल्व्हेनियात मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. त्या सुमारास त्या पक्ष्यांच्या हृदयातील जन्मजात दोषांचा अभ्यास करीत होत्या. आज जन्मजात हृदयदोष असलेली असंख्य मुले प्रौढ वयात पोहोचतात आणि आयुष्यभर वैद्यकीय देखरेखीखाली राहतात; त्या वाटचालीचा आरंभ टॉसिग यांच्या या चिकाटीत आहे.