कर्नल साईक्ससाहेब व दख्खनचे वन्य पशु

शिरूर व दौंड ह्या तालुक्यांत, नदीकांठच्या बागाइती मळ्यांपासून दूर, खडकाळ माळ पसरलेले आहेत. तेथें फिरणाऱ्या लांडग्याचें व चिंकाऱ्याचें जें शास्त्रीय नांव आज जगभर चालतें, तें एका इंग्रज लष्करी अंमलदारानें दिलेलें आहे, हें आमच्या वाचकांपैकीं थोडक्यांसच ठाऊक असेल. ते गृहस्थ म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साईक्स.

त्यांचा जन्म १७९० सालीं झाला. अगदीं पोरवयांत, मिसरूडही फुटलें नसतां, ते कंपनीसरकारच्या मुंबईच्या फौजेंत दाखल झाले. भरतपूरचा वेढा आणि पुढें पेशवाईच्या अखेरीस खडकी व पुणें येथील लढाया त्यांनीं पाहिल्या. परंतु त्यांचें खरें कार्य तलवारीचें नव्हे. १८२४ सालीं गव्हर्नर एल्फिन्स्टनसाहेबांनीं त्यांस दख्खनची सांख्यिक माहिती गोळा करण्याच्या कामीं नेमिलें. गांवोगांव हिंडून लोकसंख्या, जमिनीचे हक्क, पिकें, पाऊसपाणी हें सर्व ते लिहून घेऊं लागले, व त्याबरोबरच पशुपक्षीही.

त्या काळीं साहेबलोक बंदूक घेऊन माळावर निघत, तें बहुधा करमणुकीसाठीं अगर शिंगें भिंतीवर लावण्यासाठीं. पुढें इंग्रजी अमलांत लांडगा मारणाऱ्यास सरकारांतून बक्षीसही मिळे. साईक्ससाहेबांनींही पुष्कळ प्राणी गोळीनें मारिले, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. मात्र मारलेला पक्षी ते मापीत, त्याचें पोट चिरून त्यानें काय खाल्लें तें पाहत, व टिपून ठेवीत. कोणता पक्षी दाणे खातो व कोणता किडे, हें अशानेंच कळतें. आणि शेतकऱ्यास हें कळणें केवढ्या कामाचें आहे!

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लंडन येथें छापलेल्या त्यांच्या यादींत लॅटिन नांवांशेजारीं येथील लोकांच्या तोंडचीं मराठी नांवें आहेत: लांडगा, कोळसून, काळशिपी. काळशिपी म्हणजे काळ्या शेपटीची, अर्थात् चिंकारा. आज आमच्या तरुणांपैकीं कितीजण हें नांव ओळखतील?

१८२९ सालीं खर्चाच्या काटकसरीसाठीं त्यांची जागा मोडण्यांत आली. दुसरा कोणी असता तर पलटणींत परतला असता. ह्यांनीं रजा घेतली, आणि हुद्दा नसतां काम चालूं ठेवून १८३१ च्या आरंभीं तें पुरें केलें. त्याच वर्षीं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढें सस्तन पशूंची व १८३२ सालीं पक्ष्यांची यादी आली. लांडग्याच्या लॅटिन नांवाचा अर्थ फिकट पायांचा असा आहे. चिंकाऱ्यास बेनेट नांवाच्या प्राणिशास्त्रज्ञाचें नांव मिळालें. लांडगा उघड्या माळाचा, घाटांतील रानाचा नव्हे, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें.

१८३३ सालीं ते नोकरींतून निवृत्त झाले. पुढें कंपनीचे संचालक व १८५७ पासून पार्लमेंटचे सभासद झाले. १६ जून १८७२ रोजीं ते वारले.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९७२ सालीं, वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. १९१२ व १९५१ चे कायदे शिकारीस मर्यादा घालीत. ह्यानें ती जवळजवळ बंदच केली. लांडगा, चिंकारा, काळवीट, बिबट्या हे पहिल्या अनुसूचींत असून, त्यांची शिकार करणाऱ्यास तीन ते सात वर्षें कैद आहे. शिकार म्हणजे केवळ बंदूक नव्हे. फासा लावणें, कुत्रीं सोडणें, विष घालणें, हें सर्व शिकारच. मेंढी गेली म्हणून रागानें मढ्यांत विष कालविणारा मनुष्यही ह्यांत सांपडतो, आणि तें विष गांवचीं कुत्रीं व घारीही खातात. धनगराचें दुःख खरें आहे. परंतु मढें न हलवितां लागलीच वनखात्यास कळवून पंचनामा करविल्यास त्यास भरपाई मिळूं शकते. बिबट्या माणसांच्या जिवावर उठला, तरी त्यास मारण्याचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकच देऊं शकतात.

साईक्ससाहेब फिरले त्या माळांपैकीं पुष्कळ आज उसाखालीं गेले आहेत. बिबट्यास ऊस मानवला. काळशिपीस मानवत नाहीं. दौंडलगत बारामती तालुक्यांत सुपें येथें १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य झालें. तें अवघें पांच चौरस किलोमीटरांचें आहे. तेथें पहाटे उभें राहिल्यास, खडकाळ उतारावर दोन-तीन चिंकारे काळी शेपटी हलवीत चरतांना दृष्टीस पडतात.